रपट्यावरचे पाणी आणि गाडीतला माणूस

विदर्भात वादळ दोन वाटांनी येते. एक वाट उन्हाळ्याची. मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमीन भाजून निघत असते, वायव्येकडून कोरडी हवा येत राहते आणि मधूनच बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे छत्तीसगड ओलांडून आत शिरतात. या दोन हवा एकमेकींना भिडल्या की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. तास-दीड तासात वारा, विजा, गारा, पाऊस असे सगळे होऊन जाते आणि आभाळ पुन्हा मोकळे होते. लोक याला अवकाळी म्हणतात. दुसरी वाट पावसाळ्याची. उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा आणि छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा नागपूर, वर्धा, यवतमाळ हे जिल्हे त्यांच्या वाटेत येतात. या वादळांचा वारा इथवर येईपर्यंत मंदावलेला असतो, पाणी मात्र भरपूर उरलेले असते.

या दोन्ही वादळांत माणूस कुठे सापडतो, यावर त्याचे जगणे-मरणे ठरते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही सापडण्याची जागा बदलली आहे. पूर्वी ती घर किंवा शेत असे. आता ती अनेकदा रस्त्यावरची, चालत्या वाहनातली असते. हा बदल कसा घडला, हे नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या काही घटनांवरून क्रमाने दिसते.

आधी टोर्नेडोविषयी, कारण वादळातून गाडीने पळण्याचा प्रश्न जगाने सर्वांत बारकाईने त्याच्याच संदर्भात अभ्यासला. नागपूरच्या उन्हाळ्यात रिकाम्या मैदानावरून धुळीचा खांब गरगरत जाताना प्रत्येकाने पाहिलेला असतो. ती वावटळ. ती तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आभाळाखाली वर चढते, पालापाचोळा आणि वाळत घातलेले कपडे उडवते आणि विरून जाते. टोर्नेडोची जात वेगळी आहे. तो गडगडणाऱ्या उंच मेघाच्या पोटात फिरणाऱ्या हवेतून जन्मतो आणि जमिनीला टेकला की काही मिनिटांत वस्ती उद्ध्वस्त करतो. भारतीय उपखंडात त्याचा मुख्य पट्टा पूर्वेला, बंगाल आणि बांगलादेशात आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे गेली. टोर्नेडोच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा मृत्युआकडा मानला जातो. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात उतरलेल्या टोर्नेडोने २८ जणांचा बळी घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात अशाच वादळाने पाच माणसे मारली. विदर्भ या पट्ट्याच्या बाहेर राहतो. पण टोर्नेडोने शिकवलेला एक धडा विदर्भालाही लागू पडतो.

तो धडा १० एप्रिल १९७९ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, विचिटा फॉल्स या गावात मिळाला. त्या संध्याकाळी गावावर टोर्नेडो चालून आला. सूचना मिळाली होती, भोंगे वाजले होते. गावात ४२ माणसे मेली आणि त्यांपैकी २५ वाहनांत होती. या २५ जणांमधले १६ जण वादळ चुकवण्यासाठीच गाडीत बसले होते. त्यातही अकरा जणांनी जी घरे सोडली, त्या घरांना वादळाने धक्काही लावला नाही. ही माणसे घरात बसून राहिली असती तर वाचली असती. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रेनो इथे चार किलोमीटरहून अधिक रुंदीचा टोर्नेडो आला, तेव्हा मेलेले आठही जण रस्त्यावर वाहनांत सापडलेले होते. त्यांत वादळांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले टिम सॅमरस, त्यांचा मुलगा आणि त्यांचे सहकारी होते. शहर सोडून निघालेल्या हजारो गाड्यांनी त्या दिवशी महामार्ग तुंबले होते. ज्या रस्त्याने पळायचे, तोच अडल्यामुळे वेगाचा काही उपयोग उरला नाही.

टोर्नेडोत गाडी फसण्याची कारणे साधी आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. गाडीच्या बाजू सपाट आणि मोठ्या, वजन टन-दीड टन, आणि तळाखाली वारा शिरायला मोकळी फट. एकदा गाडी उचलली गेली की आतल्या माणसाच्या हाती काहीच राहत नाही. पुलाखाली थांबण्याची कल्पनाही तितकीच घातक ठरली. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात लोक महामार्गावरच्या पुलांखाली दडले होते आणि अशा तीन ठिकाणी माणसे मेली. अरुंद जागेत वारा आणखी जोराने घुसतो आणि त्याच्याबरोबर पत्रे, काचा, लाकडे येतात.

नागपूर जिल्ह्यातल्या ज्या आपत्तीची जखम सर्वांत खोल आहे ती गाड्यांच्या गर्दीच्या आधीच्या काळातली. नरखेड तालुक्यातले मोवाड हे वर्धा नदीकाठचे गाव. १८६७ पासून तिथे नगरपालिका होती, म्हणजे गावाला मान होता, बाजार होता. ३० जुलै १९९१ रोजी नदीचा लोंढा गावात शिरला आणि २०४ माणसे दगावली. मातीची घरे विरघळल्यासारखी बसली. पुढे गाव उंच जागेवर नव्याने वसवावे लागले. मोवाडकरांचा काळ त्यांच्या दारात आला. त्यांना निघून जायला वेळ मिळाला नाही आणि निघायचे तर नेमके कुठे, हेही ठरलेले नव्हते. उंच जागा माहीत असणे, तिथे पायी जाण्याची वाट मोकळी असणे आणि रात्री-अपरात्री वेळेत हाक मिळणे, या तीन गोष्टींवर नदीकाठचे गाव जगते. वाहनाचा त्यात फारसा वाटा नाही.

त्यानंतरच्या दशकांत विदर्भाचे रस्ते बदलले. गावोगाव डांबरी रस्ता पोहोचला, काळीपिवळी आणि एसटीच्या जोडीला घराघरांत दुचाकी आली, मग चारचाकी आली. साखरपुडा, तेरवी, दवाखाना, बाजार अशा कामांसाठी पन्नास-शंभर किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत येणे नेहमीचे झाले. रस्ते रुंद झाले, तरी नाल्यांवरचे जुने रपटे पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले.

रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातून जाणारा ठेंगणा पूल. खाली पाणी जाण्यासाठी सिमेंटच्या नळ्या किंवा लहान गाळे असतात आणि मोठा पूर आला की पाणी वरून जाईल, हे बांधतानाच गृहीत धरलेले असते. उंच पुलापेक्षा त्याचा खर्च फार कमी, म्हणून हजारो गावांना बारमाही रस्ता मिळाला तो याच रचनेमुळे. त्याला पक्के कठडे नसतात, कारण कठड्यात झाडे-फांद्या अडकून बांधकामच वाहून जाऊ शकते. कडेला दगडी खुंट रोवलेले असतात, तेवढीच खूण. पाणी खुंटांच्या वर गेले की रस्त्याची कड दिसेनाशी होते. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की खचून गेला आहे, हेही कळत नाही. वर्तमानपत्रातल्या अशा प्रत्येक बातमीत एक वाक्य हमखास असते: पाण्याचा अंदाज न आल्याने. खरे तर तो अंदाज कुणालाही येण्यासारखा नसतो, आणि थांबण्यासाठी एवढे कारण पुरेसे असायला हवे.

पाण्यात गाडी कशी उचलली जाते, हे गणिताने समजून घेण्यासारखे आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो. लहान मोटारीचा तळ साधारण पाच चौरस मीटर भरतो. पाणी तळाला टेकल्यावर आणखी दहा सेंटिमीटर चढले की ते गाडीला सुमारे ५०० किलोंचा उठाव देते. वीस सेंटिमीटर चढले की १,००० किलोंचा. लहान मोटारीचे वजनच आठ-नऊशे किलो असते. म्हणजे पाणी गुडघ्यापर्यंत पोहोचण्याआधीच चाकांची पकड सुटू लागते आणि प्रवाह गाडीला बाजूला ढकलू लागतो. मोठी, जड गाडी जरा उशिरा उचलली जाते, पण हा फरक दहा-बारा सेंटिमीटरचाच. पूर चढताना एवढे पाणी काही मिनिटांत वाढते. मोठी गाडी पाणी कापून जाईल, हा विश्वास म्हणूनच सर्वांत महाग पडतो. बंडीचे बैल अनोळखी पाण्यापुढे थबकतात आणि गाडीवानाला विचार करायला भाग पाडतात. इंजिनाला असे काही वाटत नाही.

महाराष्ट्राला गाडीतल्या मरणाची ओळख मोठ्या प्रमाणावर झाली ती २६ जुलै २००५ रोजी मुंबईत. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या रस्त्यांवर कित्येकांनी गाडीतच थांबणे पसंत केले. बाहेर पाणी चढत गेले, दारे उघडेनात, विजेवर चालणाऱ्या काचा बंद पडल्या आणि काही जण आतच गुदमरले. मोटारीच्या दाराबाहेर साठ सेंटिमीटर पाणी उभे असेल तर एक मीटर रुंदीच्या दारावर त्याचा दाब पावणेदोनशे किलोंच्या वजनाएवढा होतो. माणसाच्या खांद्याला ते पेलत नाही. म्हणून पहिल्या मिनिटाची किंमत मोठी: पट्टा सोडायचा, काच खाली करायची आणि खिडकीतून बाहेर पडून टपावर किंवा उंच जागी जायचे. काच खाली जात नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडायची. समोरची काच थरांची असल्याने ती फुटून मोकळी होत नाही. बाहेर पडलेल्यालाही धोका संपत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घरापासून जवळच गाडी सोडून पायी निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. साचलेले पाणी आणि वाहते पाणी यांत फरक असतो, आणि गाडी सोडायची ती पाणी वाहू लागण्याच्या आत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी अंधारात थेट नदीत गेल्या. सुमारे चाळीस माणसे गेली. तिथे चालकांच्या हातून चूक झाली नव्हती. समोर रस्ताच उरला नव्हता. राज्यभरातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय त्यानंतर ऐरणीवर आला.

विदर्भात पाच वर्षांनी जे घडले त्याची पार्श्वभूमी एका चक्रीवादळाची होती. गुलाब नावाचे चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकले. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा मोडला, पण ढगांचा तो गोळा तेलंगण, विदर्भ आणि मराठवाड्यावरून पश्चिमेकडे सरकत गेला आणि पुढे अरबी समुद्रावर पोहोचून शाहीन या नावाने पुन्हा चक्रीवादळ झाला. वाटेत त्याने दोन दिवस पाऊस ओतला. २८ सप्टेंबरला सकाळी आठच्या सुमारास नांदेड-नागपूर मार्गावरची एसटीची बस यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यापाशी आली. पुलावरून पाणी वाहत होते. दोन्ही बाजूंना लोक थांबलेले होते. बस पाण्यात घातली गेली, पुलाच्या मध्यावर तिची चाके कडेला घसरली आणि ती कलंडून नाल्यात गेली. बसमध्ये सहा जण होते. टपावर आणि झाडाच्या आधाराने तगलेल्या दोघांना गावकऱ्यांनी वाचवले. चालक आणि वाहक यांच्यासह चौघांचा मृत्यू झाला.

पुलावरून पाणी जात असताना बस घालू नये, ही सूचना एसटीत नवी नाही. तरीही चालक असे का करतो, याचे उत्तर केवळ बेफिकिरीत शोधणे अन्यायाचे ठरेल. लांब पल्ल्याच्या बसला वेळापत्रक असते, आत बसलेल्या प्रवाशांची घाई असते, आणि त्याच पुलावरून थोड्या पाण्यातून आपण आधी कितीदा गेलो आहोत, याची आठवण असते. याच आठवणीने सर्वाधिक घात होतो. नऊ वेळा पार पडलेला रपटा दहाव्या वेळीही पार पडेल असे वाटते, आणि दहाव्या वेळचे पाणी किती वेगाने चालले आहे हे वरून दिसत नाही. वाहत्या पाण्याचा धक्काही वाऱ्यासारखाच वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि पाणी हवेच्या आठशे पट जड असते.

पुढच्याच वर्षी, १२ जुलै २०२२ रोजी, नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात नांदा गोमुख इथे तसेच घडले. मध्य प्रदेशातल्या मुलताईकडचे एक कुटुंब नागपूरकडचे कार्य आटोपून मोठ्या चारचाकीने परतत होते. नाल्यावरच्या पुलावर पाणी चढलेले होते. गाडी पुढे गेली, मध्येच थांबली, प्रवाहाने आडवी झाली आणि पाहता पाहता वाहून गेली. तिघांचे मृतदेह हाती लागले, बाकीच्यांचा शोध सुरू राहिला. काठावरच्या लोकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत त्या दिवशी घरोघर पाहिली गेली. तिच्यात गाडी तरंगू लागण्याचा क्षण स्पष्ट दिसतो: आधी मागची बाजू हलते, मग पूर्ण गाडी. हे सगळे काही सेकंदांत होते. दोर टाकायलाही अवधी मिळत नाही.

उन्हाळी वादळांचा धोका वेगळ्या तऱ्हेचा. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यात पारस इथे बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात लोक वादळी पावसामुळे पत्र्याच्या शेडखाली जमले होते. जुने कडुनिंबाचे झाड त्या शेडवर पडले आणि सात जण ठार झाले. आडोसा म्हणून जी जागा धरली तिथेच मृत्यू आला. पुढच्या वर्षी १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरात धुळीच्या वादळाने सुमारे १२० फूट लांब आणि तेवढेच उंच जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळवले. पंपाच्या छपराखाली गाड्या थांबलेल्या होत्या. सतरा माणसे मेली. अवकाळीत गाडी चालवणाऱ्यापुढचा प्रश्न या दोन घटनांनी नेमका मांडला आहे. पुढे जायचे तर डोळ्यांत धूळ आणि रस्त्यावर फांद्या; थांबायचे तर कशाखाली? झाड, फलक, विजेच्या तारा, पत्र्याचे शेड आणि अर्धवट बांधलेली भिंत, या पाचांपासून दूर, रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेत दिवे लावून थांबणे आणि पट्टा न सोडणे, हेच त्यातल्या त्यात बरे.

विजेच्या बाबतीत मात्र गाडी खरोखर रक्षण करते. बंद काचांच्या, धातूच्या टपाच्या मोटारीवर वीज पडली तर तिचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो आणि आतला माणूस बहुधा सुखरूप राहतो. दुचाकी, उघडा ट्रॅक्टर आणि बंडी यांना हे कवच नाही. विदर्भात वीज पडून जाणाऱ्यांत शेतात काम करणारे आणि झाडाखाली उभे राहणारे अधिक असतात. त्यामुळे एकच गाडी विजेत आसरा, वाऱ्यात अडचण आणि पुरात सापळा ठरते. वादळात काय करावे याचे एकच उत्तर नसते, ते या कारणाने.

नागपूर शहराची परीक्षा २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री झाली. तो शुक्रवार महालक्ष्मी पूजनाचा होता. घरोघर पाहुणे जेवून गेले होते, गणपती बसलेले होते आणि शहर उशिरा झोपले होते. मध्यरात्रीनंतर विजांसह पाऊस सुरू झाला. पहाटेपर्यंतच्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि त्यातला बराचसा दोनच तासांत. एका चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. शहराच्या पश्चिमेचा उतार हे पाणी अंबाझरी तलावात आणतो, आणि तलाव भरला की सांडव्यावरून ते नाग नदीत उतरते.

अंबाझरी हा शहराला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधला गेलेला तलाव. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येऊन या तलावातून निघते आणि शहराच्या पोटातून पूर्वेकडे कन्हानच्या दिशेने जाते. शहराला नाव देणारी ही नदी शहराने हळूहळू भिंतींमध्ये कोंबली. पात्राच्या काठाला वसाहती आल्या, बागा आणि वाहनतळ आले, पूल बुटके राहिले. सांडव्याच्या खालच्या अंगाला स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आणि त्याचा चौथरा उभा राहिला. त्या रात्री सांडव्यावरून कोसळणारे पाणी नदीच्या पात्रात मावले नाही. ते अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर या भागांत वळले.

पहाटे तीन-चारच्या सुमारास लोक जागे झाले ते पलंगाला पाणी लागल्याने. तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी चढले. वीज गेलेली होती. ज्यांना वरचा मजला होता ते वर गेले, ज्यांना नव्हता ते ओट्यावर, कपाटावर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले. गल्ल्यांत उभ्या केलेल्या मोटारी तरंगत एकमेकींवर आदळल्या, काही भिंतींवर चढल्या, काही नाल्यात जाऊन उताण्या पडल्या. सीताबर्डीतल्या मोरभवन बसस्थानकात उभ्या बसगाड्यांच्या खिडक्यांजवळ पाणी पोहोचले. पंचशील चौकातला पूल खचला. सकाळी राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलांच्या होड्या अशा रस्त्यांवर फिरत होत्या जिथे आदल्या दिवशी रिक्षा उभ्या होत्या, आणि सैन्याच्या तुकड्याही मदतीला आल्या. सुमारे चारशे लोकांना बाहेर काढले गेले. त्यांत मूकबधिर मुलांच्या शाळेतले विद्यार्थीही होते. ज्यांना हाक ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंत अंधारात धोक्याची सूचना कशी पोहोचवायची, हा प्रश्न त्या सकाळी पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आला.

चार माणसे मेली. त्यांत घरात पाणी शिरून दगावलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या. एक तर अंथरुणाला खिळलेली होती. दहा हजारांवर घरांचे नुकसान झाले. सरकारने घरांसाठी दहा हजार, दुकानांसाठी पन्नास हजारांपर्यंत आणि मृतांच्या कुटुंबांना चार लाख रुपयांची मदत जाहीर केली. पुराने भिजलेल्या घरात दहा हजार रुपयांत गादी आणि शेगडीही धड होत नाही.

एवढ्या गाड्या वाहून जाऊनही त्यांत माणसे नव्हती, याचे कारण वेळ. पाऊस मध्यरात्रीनंतर आला आणि रस्ते रिकामे होते. हाच पाऊस आठ तास आधी, महालक्ष्मीच्या जेवणाला लोक सहकुटुंब निघालेले असताना, सीताबर्डी ते शंकरनगर रस्ता गाड्यांनी भरलेला असताना आला असता, तर नाग नदीच्या काठी विचिटा फॉल्ससारखीच मोजदाद करावी लागली असती. गाडी वाचवायला खाली उतरण्याचा मोहही त्या रात्री कित्येकांना झाला असणार. दक्षिण कोरियात पोहांग शहरात ६ सप्टेंबर २०२२ रोजी वादळी पावसात लोक तळघरातल्या वाहनतळावर आपापल्या गाड्या हलवायला गेले, पाणी आत घुसले आणि सात जण तिथेच बुडाले. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या आसपास २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांतले बरेच जण गाड्यांमध्ये आणि तळघरांत सापडले. नागपुरात नव्या इमारतींची वाहने आता तळघरात उभी राहतात, म्हणून या दोन घटना दूरच्या म्हणून सोडून देता येत नाहीत.

इथे टोर्नेडो आणि पूर यांच्यातला विरोध ध्यानात येतो. टोर्नेडो आला तर खाली जायचे असते: तळघर, तळमजल्याची आतली खोली, खिडक्यांपासून दूर. पूर आला तर वर जायचे असते. एल रेनोच्या त्याच संध्याकाळी ओक्लाहोमा शहरात काही लोक वाऱ्याच्या भीतीने पावसाळी पाण्याच्या मोठ्या मोरीत लपले आणि पावसाच्या लोंढ्याने बुडाले. कोणते संकट येत आहे हे न कळता पळणारा माणूस चुकीच्या दिशेला जाऊ शकतो. गाडी मात्र दोन्ही संकटांत चुकीचीच जागा.

पुरानंतर रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. अंबाझरीच्या धरणाची मजबुती, सांडव्यासमोरचा पुतळा, नदीपात्रातली अतिक्रमणे आणि बुटके पूल हे सगळे विषय जनहित याचिकेत आले. न्यायालयाने प्रशासनाला वारंवार विचारणा केली, समिती नेमली गेली, पात्राचे रुंदीकरण आणि पुलांची फेरबांधणी हाती घेतली गेली. ही कामे त्या रात्रीच्या आधी का झाली नाहीत, हा ज्यांची घरे बुडाली त्यांचा प्रश्न रास्त आहे.

सूचना देणारी यंत्रणा तोवर बरीच सुधारली होती. नागपूरला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, डॉप्लर रडार आहे आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज जिल्हावार दिला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी हे अॅप तयार केले. मोबाइलवर मोठा आवाज करून येणाऱ्या सरकारी इशाऱ्याच्या चाचण्या २०२३ मध्येच झाल्या. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग लोकांच्या ओळखीचे झाले. पण लाल रंग पाहून प्रवास पुढे ढकलणे हा निर्णय अजून घरात, कार्यालयात आणि आगारात अवघड जातो. साखरपुड्याहून परतणाऱ्यांना मुक्काम करा म्हणून आग्रहाने थांबवणारे यजमान, उशिरा आलेल्याची हजेरी न कापणारे कार्यालय आणि पुलाअलीकडे बस उभी केली म्हणून चालकाला जाब न विचारणारे वरिष्ठ, यांच्याशिवाय रडारचा उपयोग अर्धाच होतो.

गावपातळीवर जुनी पद्धत अजून सर्वांत भरवशाची आहे. पाणी चढू लागले की कोतवाल, पोलीस पाटील किंवा तरुण मुले रपट्याच्या दोन्ही टोकांना बल्ली आडवी लावतात आणि येणाऱ्याला हात दाखवून थांबवतात. अनोळखी गाडीवाला हुज्जत घालतो, कधी बल्ली बाजूला सारून पुढेही जातो. लहान पाणलोटाचा नाला जितक्या झपाट्याने चढतो तितक्याच झपाट्याने उतरतो. पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत लोंढा ओसरतो, दगडी खुंट एकेक करून वर येतात, चिखलाने माखलेला रस्ता दिसू लागतो. मग कुणी तरी काठीने तळ चाचपत आधी पायी पलीकडे जाऊन येतो, आणि अलीकडे खोळंबलेल्या दुचाकी, ट्रॅक्टर आणि एसटी एकामागून एक पार होतात.